बिडाचा मेंढा आणि सुभाना ओतारी

पुष्कळ काळ लोटला या गोष्टीला. तेव्हा राजेराण्या पालखीतून फिरत. वाटेत पालखीचा दांडा मोडला तर कुणाच्याही अंगणात टेकत. आणि अंगणातली माणसं आधी पाणी देत, मग नाव विचारत.

त्या काळात एका डोंगराच्या पायथ्याशी सुभाना नावाचा ओतारी राहत होता. तो बिडाचं काम करायचा. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्याच्या भट्टीतून तवे निघत, कढया निघत, आप्पेपात्रं निघत. पण आसपासच्या बाजारांत त्याचं नाव होतं ते त्याच्या जनावरांसाठी.

मेंढा, बैल, कोंबडी, कासव, पाय पुढे पसरून बसलेलं कुत्रं. कुणी मेंढा दाराशी ठेवी, म्हणजे वाऱ्यानं दार आपटत नसे. कुणी कोंबडी बरणीच्या झाकणावर दडपण म्हणून ठेवी. बैलावर तर घरची पोरंच बसत. सुभानाचं जनावर घरात आलं की चार दिवसांत ते घरातलंच होऊन जाई. येता-जाता कुणी त्याच्या डोक्यावर हात ठेवी, कुणी त्याला धडकून त्यालाच रागावे.

सुभाना आधी मेणाचं जनावर करायचा. त्याच्याभोवती माती लिंपून साचा बनवायचा. साचा भाजला की मेण वितळून वाहून जाई आणि आत जनावराच्या आकाराची पोकळी राही. त्या पोकळीत बिडाचा लालभडक रस ओतायचा, निवू द्यायचा आणि मग साचा फोडायचा. या सगळ्यात मेणाच्या कामात त्याचा जीव रमायचा. रस्त्यात मेंढरांचा कळप दिसला की हा बांधावर बसून राही. मेंढा मान कशी वळवतो, मेंढी पिलाला हाक मारताना तोंड कसं करते, ते बघत. घरी त्याची बायको हौसा जेवायला थांबलेली असे.

"आज काय कळपात हरवलात?" ती विचारायची.

"छे, सापडलो," असं म्हणून सुभाना हात धुवायचा, जेवायचा आणि लगेच मेण मळायला बसायचा.

दिवस बरे चालले होते. आणि एक दिवस दूर पठारावर त्या राज्याच्या राणीच्या पालखीचा दांडा कडकन मोडला.

जवळ एका धनगराचं घर होतं. राणी तिथल्या ओट्यावर टेकली. धनगराची बायको म्हाकूबाई हिनं पाणी दिलं, मग ताक दिलं, मग कोण, कुठल्या, अशी चौकशी केली आणि उत्तर ऐकून डोक्यावरचा पदर सावरला. सुतार दांडा सांधत होता. तोवर राणी बसून इकडेतिकडे बघत होती.

उंबऱ्याशी एक बिडाचा मेंढा होता. म्हाकूबाईची पोरं त्याच्या पाठीवर बसण्यासाठी भांडत होती. एक चढे, दुसरं त्याला ओढून खाली पाडी. बसून बसून मेंढ्याची पाठ गुळगुळीत झाली होती. एक कान तर कधीच तुटून गेला होता. पण मेंढ्यानं मान किंचित वळवलेली होती, जणू पाठीवर आता कोण चढलं ते बघत होता, आणि ते त्याला पसंत होतं.

राणीला हसू आलं. पुष्कळ दिवसांनी आलं.

"बाई, हा मेंढा मला देशील?" तिनं विचारलं.

"न्या की," म्हाकूबाई म्हणाली. "पण पोरं रडतील बघा थोडी."

पोरांनी खरोखरच भोकाड पसरलं. तेव्हा राणीनं पालखीतला मखमलीचा लांब लोड काढून त्यांना दिला. पोरं लोडावर टांग टाकून बसली आणि रडं विसरली. दांडा सांधून झाला. मेंढा पालखीत बसून राजधानीला निघाला.

राणीनं तो आपल्या बैठकीच्या दालनात ठेवला. तिथे चांदीचे हंस होते, काचेचे मोर होते. त्यांच्या मधोमध हा काळाकुट्ट, एका कानाचा मेंढा.

दुसऱ्या दिवशी सरदार मंडळी आपापल्या बायकांसह मुजऱ्याला आली. त्यांत रायाजीराव होते. जुन्या वस्तूंतलं त्यांना फार कळतं, असं सगळे म्हणत, आणि सगळ्यांत जास्त ते स्वतः म्हणत. त्यांनी डोळे बारीक केले. तुटक्या कानावरून बोट फिरवलं. गुळगुळीत पाठीला बोटानं टिचकी मारून कान देऊन ऐकलं.

"दोनशे वर्षांचा," ते म्हणाले. "कमी नाही."

राणी पलीकडे कुणाशी तरी बोलत होती. तिनं हे ऐकलं नाही. बाकी सगळ्यांनी ऐकलं.

झालं! राणीसाहेबांना जुनी, मोडकी, गावठी लोखंडी जनावरं आवडतात, ही बातमी राजधानीभर पसरली. घरोघरचे चांदीचे हंस माळ्यावर गेले. ज्याच्या दिवाणखान्यात बिडाचं जनावर नाही त्याच्याकडे पाहुणे दोन घटका जास्त बसेनात. सरदारांच्या बायका एकमेकींना विचारू लागल्या, "तुमच्या बैलाला शिंगं आहेत? अगं बाई, दोन्ही? आमच्याला एकच आहे हो!" आणि दोन शिंगांवाली बिचारी खाली मान घालू लागली.

व्यापाऱ्यांनी गावं पालथी घातली. दारामागचे मेंढे गेले, बरण्यांवरच्या कोंबड्या गेल्या. अशी सगळी गावं झाडून झाल्यावर गुलाबशेट नावाचा एक गोडबोल्या व्यापारी सुभानाच्या दारी आला.

सुभानानं कौतुकानं आपली जनावरं ओट्यावर मांडली. "बघा शेट. हा बैल बघा. उठायच्या बेतात आहे का नाही?"

"आहे खरा," गुलाबशेट म्हणाला. "पण हा नवा आहे."

"नवा? अहो, कालच साचा फोडला!"

"तेच म्हणतो मी. याला दोन शिंगं आहेत, दोन कान आहेत, शेपूटसुद्धा आहे. हा कोण घेणार?"

सुभानाला वाटलं शेट थट्टा करतोय. पण शेट थट्टा करत नव्हता. त्या दिवशी तो काही न घेता गेला. पुढच्या बाजारातही तसंच झालं. माणसं बैल उचलत, उलटसुलट करत, "नवाच दिसतोय" म्हणत आणि ठेवून देत. तवे खपत होते, कढया खपत होत्या, पोटाला कमी नव्हतं. पण सुभानाला ते लागलं. इतकं मन लावून केलेल्या जनावराच्या तोंडाकडे कुणी बघतसुद्धा नाही, नुसता तुटका कान शोधतात!

काही दिवसांनी गुलाबशेट पुन्हा आला.

"सुभाना, एक सुचवू? चिंचेच्या पाण्यात मीठ कालव. त्यात जनावर बुडवून ठेव. मग उकिरड्यात पूर. वर काढलंस की शंभर वर्षांचं दिसेल. आणि एखादा कान..." शेटनं हातानं हातोडी मारल्यासारखं केलं. "टक्!"

"हे काय बोलणं झालं?" सुभाना चिडला. "मी जनावरं घडवतो, मोडत नाही."

"बरं बाबा," असं म्हणून शेट गेला.

पण विचार गेला नाही. कोपऱ्यात एक फसलेला बोकड पडला होता. ओतताना त्याच्या पायात हवा राहून भोक पडलं होतं. त्याला वितळवायचंच होतं. मग गंमत म्हणून बघायला काय हरकत आहे? सुभानानं त्याला मीठ-चिंचेत बुडवला, उकिरड्यात पुरला, महिन्यानं काढला. बोकड तांबडा, खरबरीत आणि फार दुःखी दिसत होता. सुभानानं हातोडी उचलली. टक्!

गुलाबशेटनं बोकड बघितला आणि त्याला मिठीच मारली. राजधानीत तो बोकड रायाजीरावांच्या मेव्हण्यानं घेतला, आणि मागाहून निरोप आला की पायाला पडलेलं भोक हे एका जुन्या लढाईतल्या भाल्याचं आहे, असं सिद्ध झालंय.

सुभाना हसून हसून लोळला. आणि दुसऱ्या दिवसापासून त्यानं उकिरड्याशेजारी आणखी एक खड्डा खणला.

हौसा एकदा खड्ड्यातून निघालेलं कासव धूत होती. तिनं विचारलं, "अहो, याचा पाय कुणी तोडला?"

"काळानं," सुभाना म्हणाला.

"काळाचं नाव सुभाना कधीपासून ठेवलं?"

सुभाना हसला. हौसाही हसली, पण जराशीच.

मग दिवस भराभर गेले. घरावर नवी कौलं आली. हौसाच्या हातात पाटल्या आल्या. सुभाना ढिगांनी जनावरं ओतू लागला. मेणाच्या कामाला आता वेळ कशाला घालवायचा? नाकडोळे मीठ खाऊनच टाकणार होतं. माती तरी कशाला चाळायची? खडबडीत निघालं तर जास्त जुनं दिसतं. रस्त्यात कळप दिसला तर तो हातातली काठी आपटत म्हणे, "व्हा बाजूला, खोळंबा झालाय." जेवायला आता तो वेळेवर येई, पण हौसाला त्याचं बरं वाटेना. ताटावर बसलेला नवरा नुसता जेवायचा, काही सांगायचा नाही. पूर्वी निदान मेंढीच्या तोंडाबद्दल बोलायचा.

असं चाललं असताना एका सकाळी गावात शिंग वाजलं. राणीची पालखी थेट सुभानाच्या दारात येऊन थांबली. मागोमाग दुसऱ्या पालखीतून रायाजीराव उतरले.

 सुभानाला वाटलं, आता संपलं सगळं. तो हात जोडून उभा राहिला.

राणी म्हणाली, "सुभाना ओतारी तूच ना? तुझे तवे चांगले असतात असं ऐकलं. तुला जनावरं ओतता येतात का?"

"येतात, राणीसाहेब."

राणीनं खूण केली. दोघा भोयांनी पालखीतून तो एका कानाचा मेंढा उतरवला आणि ओट्यावर ठेवला.

"हा माझ्याकडे आल्यापासून लोक मला मोडकी जनावरं पाठवतायत," राणी म्हणाली. "सारा महाल भरला. कुणाला पाय नाही, कुणाला तोंड नाही. त्यांच्याकडे बघून मला उदास वाटायला लागलंय. मला जुनं नको. मला या मेंढ्याला एक मेंढी करून दे. नवी कोरी."

"नवी?" रायाजीराव दचकले. "पण राणीसाहेबांना तर जुन्याची आवड..."

"कुणी सांगितलं तुम्हांला?" राणीनं विचारलं. "मी याला आणलं ते याचं तोंड बघून. तोंड बघा ना त्याचं! आत्ता काहीतरी बोलेल असं वाटतं. तुटका कान मला आवडला नव्हता, रायाजीराव. तो असूनसुद्धा मेंढा आवडला होता."

राणी सुभानाला म्हणाली, "मी माहेरी चाललेय. दिवाळी करून परत फिरेन तेव्हा मेंढी घेऊन जाईन. मेंढा इथेच राहू दे. तुला बघून करता येईल."

पालख्या गेल्या. सुभाना ओट्यावर बसला. शिक्षा झाली नव्हती, उलट काम मिळालं होतं. तरी त्याला आनंद होईना.

हौसानं फडकं ओलं करून आणलं आणि मेंढ्यावरची प्रवासातली धूळ पुसायला घेतली. पुसता पुसता तिचा हात थांबला. मेंढ्याच्या अंगावर लोकरीची कडी होती, शेकडो गोल गोल कडी, एकाला लागून एक. प्रत्येक कड्याला एका जागी बारीकशी फट होती.

"अहो," ती हळूच म्हणाली. "ही माझी बांगडी आहे."

"काय?"

"लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला माझी बांगडी पिचली होती. तुम्ही म्हणालात, टाकू नको, मेणावर लोकर उमटवायला छान होईल. आठवतं? दिवसभर एक एक कडं उमटवत बसला होता. हा मेंढा तुम्हीच केलाय. बाजारात एका धनगरानं घेतला होता."

सुभाना उठला. त्यानं मेंढ्याच्या पोटाखाली हात घातला, मानेवरून फिरवला, नाकावर ठेवला. हो, हा त्याचाच होता. दोनशे वर्षं कुठली! त्या संक्रांतीला दहा-बारा वर्षं झाली असतील. पाठ पोरांनी गुळगुळीत केली होती आणि कानही पोरांनीच पाडला असणार.

"मी केला होता," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "मी असा करायचो."

त्याच दिवशी तो मेण घेऊन बसला. पण हात चालेना. मेंढी म्हणून जे होई ते कधी उंदरासारखं दिसे, कधी पाटावरवंट्यासारखं. बोटांना घाईची सवय लागली होती. नाक करता करताच ती डोळ्यांकडे पळत. ओतून पाहिलं तर माती नीट न चाळल्यामुळे अंगावर फोड आले. पुन्हा केली. या वेळी अंग चांगलं निघालं, पण तोंड मेलेलं होतं. समोर मेंढा मान वळवून बघत होता. सुभानानं त्याच्यावर गोणपाट टाकलं. मग त्याला गोणपाटाचीही लाज वाटली आणि ते काढून टाकलं.

दिवाळी आली आणि गेली. राणी परतायला दोन दिवस उरले. गुलाबशेट घाईघाईनं आला. त्याला सगळं कळलं होतं.

"घाबरतोस कशाला?" तो म्हणाला. "ही मेलेल्या तोंडाची आहे ना, तिचं नाक उडव, मिठात घाल, दोन दिवसांचा गंजही पुरेल. राणीला सांगू, मेंढा करणाऱ्यानंच त्या काळी केलेली जोडीदारीण एका पडक्या देवळात सापडली. जुन्या वस्तूचं तोंड कोण तपासतं? आणि तू जर हात चालत नाही म्हणून सांगायला गेलास तर मागचं सगळं बाहेर पडेल. माझं, तुझं, दोघांचंही."

शेटचं म्हणणं खोटं नव्हतं. सुभानानं हातोडी उचलली. मेंढीचं डोकं डाव्या हातात धरलं.

पण हातोडी काही खाली येईना. त्याच्या मनात आलं, ही दिसते वाईट, पण हिला मीच केलंय. हिचं तोंड मला जमलं नाही यात हिचा काय दोष? आणि आता त्याबद्दल मारही हिलाच?

त्यानं हातोडी खाली ठेवली.

"जा शेट," तो म्हणाला. "मी खरं सांगणार आहे. तुम्हांला लांब पळायचं असेल तर दोन दिवस आहेत."

दोन दिवस माल आवरून गुलाबशेट खरंच निघाला होता. पण त्याच्या गाडीचा बैल सुभानाच्या घरामागच्या उसाच्या मळ्यात शिरला तो निघेचना, आणि त्या गोंधळात राणीची पालखी आली, मागोमाग रायाजीरावांचीही. म्हणून पुढचं सगळं त्यालाही उभं राहून ऐकावं लागलं.

सुभानानं ती मेलेल्या तोंडाची मेंढी राणीपुढे ठेवली. मागे हौसा उभी होती. सुभानानं काही लपवलं नाही. चिंच सांगितली, मीठ सांगितलं, शेटचं नाव सांगितलं, उकिरडा दाखवला. "राजधानीत जेवढी मोडकी जनावरं आहेत, त्यांतली निम्मी माझी आहेत. मी मोडली. मोडता मोडता घडवायचं विसरलो. ही मेंढी बघा, हेच आता मला येतं. आणि तो मेंढा, राणीसाहेब, तो दहा-बारा वर्षांमागे मीच केला होता. तेव्हा मला येत होतं."

सगळे राणीकडे बघू लागले. राणी रायाजीरावांकडे बघू लागली.

"दोनशे वर्षांचा, असं सगळ्यांना सांगत होतात ना तुम्ही?"

"अं... सुमारे," रायाजीराव म्हणाले.

राणीनं ओठ घट्ट मिटले, पण हसू काही थांबेना. ती हसली तसे भोई हसले, हौसा हसली, मळ्यातून बैल ओढून आणणारे लोकही हसले. गुलाबशेटही हसायला लागला, पण राणीनं त्याच्याकडे बघताच त्याचं तोंड मिटलं.

हसून झाल्यावर राणी म्हणाली, "सुभाना, तू लोकांना फसवलंस. त्याची भरपाई झाली पाहिजे. ज्याला आपलं मोडकं जनावर परत द्यायचं असेल त्यानं द्यावं. त्या प्रत्येकाला तू एक धडधाकट, चांगल्या तोंडाचं जनावर करून द्यायचंस, काही न घेता. परत आलेली जनावरं हे शेट आपल्या गाडीतून तुझ्यापर्यंत पोचवतील, तेही काही न घेता. आणि माझी मेंढी शेवटी कर. तुझ्या मनासारखी होईल तेव्हाच आण. मी थांबेन."

त्या वर्षी गुलाबशेटच्या गाडीची चाकं घासून गेली. लंगडे बैल, बिनतोंडाची कुत्री, भाल्यानं जखमी झालेला बोकड, सगळे परत आले. सुभानानं त्यांना वितळवलं. खोट्या जुन्या जनावरांचं बीड पुन्हा रस होऊन वाहिलं, अगदी चांगलं, लाल.

मात्र सगळ्यांनी काही परत दिलं नाही. रायाजीरावांकडचं तीन पायांचं कासव आणायला सुभाना स्वतः गेला होता.

"सरदार, हे माझंच आहे. हा पाय मी तोडलाय."

"चल नीघ!" रायाजीराव ओरडले. "सात पिढ्यांचं आहे हे! तुला काय कळतंय जुन्यातलं?"

सुभानानं मुजरा केला आणि तो परत आला.

सुरुवातीची जनावरं बेतास बात झाली. सुभाना ती देई आणि म्हणे, "पसंत नसेल तर पुन्हा करून देतो." तो माती दोनदा चाळू लागला. पुन्हा कळपाच्या मागे बांधावर जाऊन बसू लागला. बसायचाच फक्त, काही दिवस तर त्याला काहीच दिसायचं नाही, नुसत्या मेंढ्या दिसायच्या. मग एके दिवशी एका म्हाताऱ्या मेंढीनं चरता चरता मान वर केली, पिलू कुठे आहे ते पाहिलं, आणि दिसताच पुन्हा निवांत चरायला लागली. ते निवांत होणं सुभानाला दिसलं. तो उठला आणि जवळजवळ पळतच घरी आला.

ती मेंढी करायला त्याला फार दिवस लागले. साचा फोडला त्या दुपारी हौसा शेतातून आली. बाहेरच्या उन्हातून आत आल्यामुळे तिच्या डोळ्यांपुढे अंधारी होती. भट्टीच्या वाटेत काहीतरी उभं होतं.

"हुर्र! हो बाजूला!" ती ओरडली. "अहो, कुणाची मेंढी शिरलीय बघा! भाजेल ना तिला!"

मेंढी हलली नाही. हौसानं तिला ढकलायला हात लावला आणि कढत चटका बसून मागे सरली. मग तिला कळलं. तिनं बोट तोंडात घातलं आणि ती नवऱ्याकडे बघत राहिली. सुभाना कोपऱ्यात बसला होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता.

"जेवायला वाढ," तो म्हणाला. "आज पुष्कळ सांगायचंय."

मेंढ्यासोबत मेंढी राजधानीला गेली आणि दालनात त्याच्याशेजारी उभी राहिली. राणीनं तिला बघितलं. नुसती खाली बसली आणि तिच्या गळ्याखाली हात ठेवून राहिली. ओताऱ्याला याहून मोठी शाबासकी नसते.

राजधानीतल्या जुन्याचं वेड पुढे ओसरलं. लोक मातीच्या पोपटांच्या मागे लागले. सुभानाच्या घरची कौलं मात्र टिकली, कारण त्याची जनावरं पुन्हा गावोगावच्या घरांत जाऊ लागली, दारांशी, बरण्यांवर, पोरांच्या खाली. आता तो प्रत्येकाच्या पोटाखाली, ओतण्याआधी मेणातच, त्या वर्षाचं साल उमटवून ठेवी.

एकदा गुलाबशेट आला. आता तो प्रामाणिकपणे कढया विकायचा, तरी जुनी खोड अधूनमधून डोकं वर काढी. त्यानं ओट्यावरची एक कोंबडी उचलली, उलटी केली, पोटाखालचं साल वाचलं आणि कपाळाला हात लावला.

"अरे सुभाना! हे असं लिहून ठेवलंस तर ही जुनी म्हणून खपायची कशी?"

सुभानानं त्याच्या हातातून कोंबडी घेतली, फुंकर मारून तिच्या पंखांतली माती उडवली आणि ती उन्हात ठेवली.

"होईल की जुनी," तो म्हणाला. "आत्ताशी तर आलीय. तिला राहू द्या कुणाच्या तरी घरी."

काळाचं काम काळावर सोडावं, आणि आपलं काम आपण मन लावून करावं.